तीन लाखांत घरासाठी जुनी गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे दोन ते साडेतीन लाखांच्या बजेटसाठी, चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी आणि महाराष्ट्रातल्या पासिंगच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. दुरुस्तीच्या रकमा ढोबळ आहेत. गावागणिक मजुरी बदलते.

१. हातात तीन लाख आहेत. गाडी किती लाखांपर्यंतची बघावी?

अडीच, फार तर पावणेतीन. उरलेले पैसे गाडीवरच जाणार आहेत. घेतल्या घेतल्या इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि स्पार्क प्लग बदलायचे म्हटले तर लहान पेट्रोल गाडीला पाच-सात हजार लागतात. चार टायर बारा ते सोळा हजार, बॅटरी चार-पाच हजार, क्लच सेट मजुरीसह सहा ते नऊ हजार. सगळे एकदम येत नाही, पण यातली एक-दोन कामे पहिल्या तीन महिन्यांत निघतातच. विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता जून २०२२ च्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा.

पूर्ण तीन लाख गाडीत घालून नंतर टायरसाठी उसनवारी करणारे लोक गुळगुळीत टायरवरच घाट चढतात. त्यापेक्षा एक वर्ष जुने मॉडेल परवडले.

२. एकच नाव सांगा. कोणती घेऊ?

एकच सांगायचे तर २०१४ ते २०१८ मधली वॅगन आर, १ लिटर पेट्रोल (मारुतीचे के-सिरीज इंजिन). छप्पर उंच असल्याने गुडघेदुखीच्या आजी-आजोबांना चढ-उतर सोपी, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, कोणताही मेकॅनिक उघडू शकतो आणि इंजिनला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे (बेल्टबद्दल प्रश्न १९ पाहा). दोष असा की पत्रा हलका आहे आणि हायवेला बाजूचा वारा लागला की गाडी डुलते.

तिच्या जोडीला स्विफ्ट किंवा डिझायर १.२ पेट्रोल, ह्युंदाईची ग्रँड आय१० १.२, होंडा ब्रिओ किंवा अमेझ पेट्रोल आणि टोयोटा इटिऑस किंवा लिवा पेट्रोल. इटिऑस आतून साधी दिसते, पण इंजिन आणि सस्पेन्शन दणकट. मात्र या मॉडेलच्या पुष्कळ गाड्या टॅक्सीत चालल्या आहेत (प्रश्न १० पाहा).

शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले, डॅटसन २०२२ मध्ये गेली. म्हणून या गाड्या स्वस्त मिळतात. तुमच्या गावात त्या कंपनीचे काम करणारे चांगले गॅरेज असेल तर फोर्डचा विचार जरूर करा. नसेल तर एका सेन्सरसाठी गाडी पंधरा दिवस उभी राहते.

मॉडेलवर फार अडून बसू नका. एका मालकाने वेळेवर सर्व्हिसिंग केलेली ग्रँड आय१० ही चार हातांतून फिरलेल्या वॅगन आरपेक्षा केव्हाही बरी.

३. पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणे असेल तर पेट्रोल, विषय संपला. जुन्या डिझेलचे अ‍ॅव्हरेज मोहात पाडते, पण एक इंजेक्टर किंवा टर्बो गेला की दोन वर्षांची बचत एका बिलात जाते. मारुतीच्या २०२० पूर्वीच्या स्विफ्ट-डिझायरमधले १.३ लिटर डिझेल इंजिन त्यातल्या त्यात सोपे, कारण मेकॅनिकांना ते पाठ आहे. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण निकषांच्या डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी फक्त शाळा आणि भाजी मंडईपुरती फिरली तर तो तुंबतो, काजळी जाळायला त्याला मोकळ्या रस्त्यावरची धाव लागते.

रोजचे येणे-जाणे पन्नास किलोमीटरच्या पुढे आणि वाटेत पंप असेल तर सीएनजी परवडते. किटबद्दल प्रश्न ९ मध्ये.

४. किती वर्षांची आणि किती किलोमीटर चाललेली गाडी बरी?

पाच ते नऊ वर्षे, चाळीस ते नव्वद हजार किलोमीटर. वर्षाला आठ ते बारा हजार हा घरगुती गाडीचा सर्वसाधारण वापर. २०१४ ची गाडी आणि मीटरवर १८,००० असेल तर दोन शक्यता: मीटर फिरवला आहे किंवा गाडी वर्षानुवर्षे उभी होती. उभ्या गाडीचेही रबर सील कडक होतात, टायरना चिरा पडतात, ब्रेक गंजून धरतात. कमी किलोमीटर म्हणजे उत्तम गाडी हे समीकरण सोडा.

बजेट ताणता येत असेल तर जुलै २०१९ नंतर बनलेली बघा. एबीएस (जोरात ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर व वेगाचा इशारा १ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचे झाले. त्याआधीच्या खालच्या मॉडेलांमध्ये यातले काहीच नसू शकते. गाडीवर व्हीएक्सआय (मारुतीचे वरचे मॉडेल) लिहिलेय म्हणून एअरबॅग असेल असे गृहीत धरू नका. स्टिअरिंगवर एअरबॅगची खूण बघा.

वय मोजताना आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) उत्पादनाचा महिना धरा, नोंदणीचा नाही. डिसेंबर २०१६ मध्ये बनून मार्च २०१७ मध्ये नोंदलेल्या गाडीला विकणारा '१७ चे मॉडेल' म्हणतो. भाव १६ चाच लावा.

५. मीटर मागे फिरवलाय हे कसे ओळखायचे?

डिजिटल मीटर लॅपटॉपवर काही मिनिटांत बदलतो, तेव्हा आकड्याकडे नव्हे तर झिजेकडे बघा. क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर एका बाजूने गुळगुळीत, स्टिअरिंग वरच्या अंगाला चकचकीत, चालकाच्या सीटची दाराकडची कड दबलेली आणि मीटर म्हणतो ३५,००० — हे जुळत नाही. पेडलचे रबर कोरे करकरीत असेल तर तेही संशयास्पद.

टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. २०१८ च्या गाडीला चारही टायर २०२३ चे असतील तर पहिला संच झिजून गेला, म्हणजे बहुधा चाळीस हजारांच्या पुढे गाडी धावली आहे. स्टेपनीचा शिक्काही वाचा.

सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची नोंद. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्याकडून सर्व्हिसची बिले मागून प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहून काढा. आकडा मध्येच खाली आला किंवा अचानक तीन वर्षे नोंदच नाही, तर तिथे थांबा.

६. अपघात झालेली गाडी घ्यावीच नाही का?

बंपर, फेंडर, दाराचा रंग — आपल्याकडच्या पार्किंगमध्ये यातून कोणीच सुटत नाही. तेवढ्यावर गाडी नाकारू नका, भाव पाडा. नाकारायची ती सांगाड्याला मार बसलेली.

बॉनेट उघडा. दोन्ही बाजूंच्या आतल्या पत्र्यावर, म्हणजे अ‍ॅप्रनवर कंपनीचे स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर गोल ठिपक्यांसारखे दिसतात. मार बसून सरळ केलेल्या पत्र्यावर ते पुसलेले, वेडेवाकडे किंवा पुटीखाली गाडलेले असतात. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग पान्याने उडालेला आहे का बघा. दारांचे रबर ओढून खांबांचा पत्रा तपासा, डिकीतली चटई उचलून स्टेपनीचा खड्डा बघा. मागून ठोकलेल्या गाडीत तो सुरकुततो. काचांवरचे उत्पादनाचे शिक्के जुळवा, एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर कारण विचारा.

विम्याचा कागदही बोलतो. क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस (हप्त्यातली सूट) दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. पहिल्याच मालकाच्या सात वर्षांच्या गाडीला बोनस शून्य किंवा २० टक्के असेल तर अलीकडे क्लेम घेतलेला आहे, किंवा विमा ९० दिवसांहून जास्त तुटला होता. कोणते ते विचारा. दुसऱ्या मालकाच्या गाडीला मात्र हा हिशेब त्याने गाडी घेतल्यापासून लावा, कारण बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे.

७. पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड इथे हजारो गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या अनेक धुऊन-पुसून दूरच्या गावी विकल्या गेल्या, तेव्हा फक्त एमएच ०८, ०९, १० बघून घाबरणे किंवा एमएच १२ बघून निर्धास्त होणे, दोन्ही चूक.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटचा फूटभर पट्टा एरवी कोणी ओढत नाही, धुणाराही नाही. तिथे मातकट डाग किंवा पाण्याची रेघ दिसते. सीटखाली हात घालून रुळांचे बोल्ट आणि स्प्रिंगा बघा, चटईचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधली टोके हिरवट झालीत का, हेडलाइटच्या आत आडवी रेघ आहे का, डिकीच्या कोपऱ्यांत बारीक गाळ आहे का. आत अत्तराचा मारा केलेला असेल तर काचा लावून दहा मिनिटे एसी बंद ठेवून बसा. कुबट वास वर येतो.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड. मुळीच लागला नाही तर बिघाड लपवला आहे, आणि ते जास्त वाईट.

पाण्यात गेलेले इंजिन दुरुस्त होते. वायरिंगचे तसे नसते. सांध्यांतला गंज महिन्यांनी वर येतो, कधी पॉवर विंडो बंद, कधी गाडी सुरूच होत नाही. म्हणून कितीही स्वस्त असली तरी पुराची गाडी नको.

८. बघायला जाताना कोणत्या क्रमाने तपासावी?

सकाळी, उजेडात, कोरड्या दिवशी. आदल्या दिवशी मालकाला सांगा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिनाचा दोष झाकला गेला, पुन्हा या.

बंद गाडीतच ऑइलची डिपस्टिक काढा. पातळी तळाला असेल तर इंजिन तेल खाते किंवा मालक लक्ष देत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय आणि कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट (इंजिनात तेल आणि कूलंट वेगळे ठेवणारे सील) गेल्याची शंका घ्या. पावसाळ्यात फक्त झाकणापुरती थोडी साय ओलाव्यानेही धरते, तेव्हा डिपस्टिक आणि कूलंट बघूनच ठरवा.

आता सुरू करा आणि दुसऱ्या माणसाला मागे उभे करा. सुरुवातीची पांढरी वाफ काही मिनिटांत जाते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा म्हणजे इंधन जास्त जाते. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर राहिला तर कूलंट जळत असू शकते. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण सैल करा: जोरात धूर बाहेर फेकला गेला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

चालवून बघणे किमान अर्धा तास, तुमच्या हातात, रेडिओ बंद. खराब रस्ता, चढ आणि सत्तर-ऐंशीचा वेग हे तिन्ही घ्या. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. गतिरोधकावर पुढून टकटक आली तर सस्पेन्शनचे लिंक रॉड, बुश किंवा लोअर आर्म झिजले आहेत. ही कामे स्वस्त असतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट येत असेल तर अ‍ॅक्सलचा जॉइंट. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का बघा. परत आल्यावर एसी लावून दहा मिनिटे उभी ठेवा, रेडिएटरचा पंखा सुरू होतो का आणि तापमानाचा काटा जागेवर राहतो का ते बघा, मग खाली वाकून गळती शोधा.

इतके करूनही शेवटी हजार-दोन हजार देऊन स्वतःचा मेकॅनिक न्या आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे यंत्र) लावायला सांगा. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक हा तुमचा मेकॅनिक नव्हे.

९. बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी चालेल का?

आरसीवर इंधन 'पेट्रोल/सीएनजी' असे नोंदलेले असेल तरच. नोंद नसलेल्या किटसह अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम अडवू शकते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. प्रमाणपत्र आणि सिलिंडरवर कोरलेला क्रमांक जुळवा. चाचणीची मुदत संपलेली असेल तर तो खर्च भावातून वजा करा. तपासताना गाडी पेट्रोलवरही चालवा. फक्त गॅसवर चालवलेल्या गाड्यांचे पेट्रोल इंजेक्टर आणि पंप अनेकदा तुंबलेले असतात.

१०. टॅक्सीत चालून नंतर खासगी केलेली गाडी कशी कळेल?

आरसीवरची वाहनाची श्रेणी आणि जुनी विमा पॉलिसी बघा. 'मोटार कॅब' किंवा प्रवासी वाहनाचा विमा सापडला की उत्तर मिळाले. टॅक्सीला लावलेल्या वेग नियंत्रकाच्या वायरी इंजिनाजवळ राहिलेल्या असतात, मागच्या सीट पुढच्यांपेक्षा जास्त दबलेल्या असतात. अशी गाडी दोन-तीन लाख किलोमीटर धावलेली असू शकते. डिझायर आणि इटिऑस घेताना हे आधी तपासा.

११. ऑटोमॅटिक मिळते आहे, घेऊ का?

या बजेटमध्ये एएमटी (साध्या गिअरबॉक्समध्ये क्लच आणि गिअर आपोआप बदलणारी) चालेल. चढावर थांबून सुटताना फार मागे जाते का आणि गिअर बदलताना दणका बसतो का ते बघा. सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच या दुसऱ्या प्रकारांतली जुनी ऑटोमॅटिक नको. बिघडली तर दुरुस्तीचे बिल गाडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाएवढे होऊ शकते.

१२. पैसे देण्याआधी कोणते कागद तपासायचे?

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून नोंदणी, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा बघा. मग आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष पत्र्यावरच्या आकड्यांशी अक्षर-अक्षर जुळवा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला चासी नंबर दिसला तर तिथून निघा, भाव विचारू नका. वाहतूक पोलिसांच्या ई-चलानाच्या संकेतस्थळावर थकबाकी बघा आणि व्यवहाराआधी विकणाऱ्याला भरायला लावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का हेही बघा. दोन्ही चाव्या घ्या.

आरसीवर बँकेचे नाव असेल तर 'कर्ज फिटलंय' हे शब्द पुरत नाहीत. बँकेची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ मिळवून बोजा आधी उतरवून घ्या.

१३. गाडी नावावर कशी करायची? विकणारा म्हणतो, सह्या करून देतो, तुमच्या सवडीने करा.

सवडीने नको. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, सोबत आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे ओळख-पत्त्याचे पुरावे. एकाच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावरून होतो. महाराष्ट्रातच विकली तर नंबर बदलत नाही. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्या आणि विकणारा परदेशी गेला, वारला किंवा उलटला, तर तुम्ही अडकता. त्याचेही नुकसानच: कागदावर जो मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्यांची पावती करा. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका. थर्ड पार्टीचे संरक्षण आपोआप पुढे चालते, गाडीच्या नुकसानीचे नाही. जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो.

१४. मालक वारले आहेत, मुलगा गाडी विकतो आहे. घेता येईल का?

आधी गाडी वारसाच्या नावावर, मग तुमच्या. वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने अर्ज करायचा असतो. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. मयताच्या नावाने फॉर्म २९ वर केलेली सही म्हणजे खोटी सही. ती चालवून घेतो म्हणणाऱ्या एजंटला नमस्कार करा.

१५. दिल्ली किंवा गोव्याच्या पासिंगची गाडी पन्नास हजारांनी स्वस्त आहे. घेऊ?

मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथे गाडीच्या वयानुसार रोड टॅक्स, नवा नंबर, आणि तिकडच्या कराचा परतावा मिळवायला पुन्हा तिकडच्या फेऱ्या. हे सगळे जमेस धरले की फरक बहुधा संपतो. दिल्लीच्या जुन्या डिझेल गाड्या तिथल्या निर्बंधांमुळे इकडे येतात. त्या तपासायच्याच असतील तर प्रश्न ५ आणि ८ दुप्पट काटेकोरपणे. एनओसी हातात नसताना इसार देऊ नका.

१६. पंधरा वर्षे भरत आलेली गाडी ऐंशी हजारांना मिळते. काय हरकत आहे?

महाराष्ट्रात ती लगेच भंगारात जात नाही. फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन पाच वर्षांचे नूतनीकरण होते. पण शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० वर गेले, वर पर्यावरण कर, आणि तपासणीत टिकायला पत्रा-ब्रेक-दिव्यांचे काम. मुदत संपायला दोन वर्षांहून कमी असेल तर हा खर्च भावातून वजा करा. शिवाय २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी सक्षम गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. इतक्या जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील बदलून घ्या. गाडी शिकायला ठीक, दर उन्हाळ्यात सहकुटुंब कोकणात जायला नाही.

१७. थेट मालकाकडून घ्यावी की डीलरकडून?

मालकाकडून स्वस्त आणि इतिहास विचारता येतो. डीलरच्या भावात त्याचा नफा आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी असतो. बदल्यात वॉरंटी मिळत असेल तर तिच्यात काय वगळले आहे ते वाचा. क्लच, बॅटरी, एसी बहुधा वगळलेले असतात. एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरकडे गाडी सोपवताना मालकाने फॉर्म २९सी ने आरटीओला कळवायचे असते. तो दाखवायला सांगा.

जाहिरातीत भाव फारच कमी, मालक 'सैन्यात, बदली झाली', गाडी कुरिअरने पाठवतो, आधी गेट पासचे पैसे भरा — ही ठरलेली फसवणूक आहे. गाडी हात लावून बघेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

१८. भाव कसा पाडायचा?

आवाज चढवून नाही, यादी दाखवून. टायर, बॅटरी, क्लच, थकलेला विमा, बाकी चलाने यांची रक्कम कागदावर मांडा आणि मागितलेल्या किमतीतून वजा करा. विकणारा 'नवी साडेसहाला घेतली होती' म्हणाला तर त्याच गाडीचा आजचा नवा भाव काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा जुन्या बिलावरून लावलेला भाव फुगलेला असू शकतो. इसार पाच हजारांहून जास्त नको, आणि पावतीवर लिहून घ्या: मेकॅनिकच्या तपासणीत मोठा दोष निघाला किंवा कागद अपुरे ठरले तर रक्कम परत.

१९. घेतली. पहिल्या आठवड्यात काय करावे?

विकणाऱ्याने 'आत्ताच सर्व्हिसिंग केलंय' म्हटले तरी बिल नसेल तर प्रश्न १ मधले ऑइल-फिल्टरचे काम करून घ्या आणि किलोमीटर लिहून ठेवा. अल्टो ८०० चे किंवा आय१० चे १.१ लिटर इंजिन असेल तर त्यात टायमिंग बेल्ट आहे; बदलल्याचा पुरावा नसेल तर टेन्शनरसह (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीसह) बदला, चालू गाडीत तुटला तर इंजिन उघडावे लागू शकते. बॅटरीची टोके, वायपर, स्टेपनीतली हवा बघा. जॅक आणि पाना डिकीत आहे का ते घरासमोरच एक चाक काढून पडताळा.